दिवा लागल्यानंतरचे किलोमीटर

एकतीस वर्षांत शफी ड्रायव्हरची गाडी डिझेल संपून रस्त्यात कधी उभी राहिली नव्हती, हे अमरावती-अकोला लाइनवरच्या बहुतेक ट्रकवाल्यांना ठाऊक होतं. ठाऊक नसण्याची सोयच नव्हती, कारण शफी ते स्वतःच सांगत असे. चहाच्या टपरीवर, टायर बदलताना, अकोल्याच्या बाजारात गाडी लागायची वाट बघताना, विषय कुठलाही असो, शफी तो फिरवून डिझेलवर आणून सोडायचा. माणूस तसा गरीब स्वभावाचा, पण या एका बाबतीत त्याला भलताच ताठा होता.

आणि ताठ्याला कारणही होतं. मोटरसायकलचं पेट्रोल संपलं तर बाटलीभर ओतायचं, किक मारायची आणि निघायचं. डिझेल गाडीचं तसं नसतं. टाकी कोरडी पडली की नळीत हवा शिरते. मग वरून कितीही डिझेल ओता, आधी ती हवा काढल्याशिवाय इंजिन उठत नाही. भर रस्त्यात फिल्टरचा स्क्रू ढिला करायचा, हाताचा पंप मारत बसायचं, कोपरापर्यंत माखायचं, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला आपलं ध्यान दाखवायचं. पंक्चर कुणाच्याही नशिबी येतं, पण डिझेल फक्त बिनडोक माणसाचं संपतं, असं शफीचं स्पष्ट मत होतं. कांद्याची गाडी चालवणाऱ्या मोतीरामला त्यानं दोनदा रस्त्यात पाच-पाच लिटर डिझेल दिलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याच्यासोबत हे मतही दिलं होतं. मोतीरामनं डिझेलसाठी ते ऐकून घेतलं.

शफी ज्यांच्याकडे कामाला होता ते भगवंतराव अमरावतीला राजापेठेत राहत. चांदूर रेल्वेच्या बाजूच्या मळ्यांतून भाजी आणि फुलं गोळा करून अकोल्याच्या बाजारात पोचवायची, हा त्यांचा धंदा. त्यांच्या जुन्या ट्रकचा डिझेलचा काटा पहिल्या दोन वर्षांतच मेला होता आणि तो दुरुस्त करावा असं कुणालाही वाटलं नाही, कारण शफीकडे काडी होती. हातभर लांब बांबूची कामटी, तिच्यावर चाकूनं पाडलेल्या खाचा, दर दहा लिटरला एक. सकाळी निघताना आणि अकोल्याहून परतताना तो ती टाकीत बुडवायचा, उन्हाकडे धरून ओली रेघ बघायचा. "काडी काय म्हनते, शफी?" एवढंच भगवंतराव विचारत. शफी सांगेल तो आकडा पक्का. पंपाचं बिल ते न वाचताच खिशात टाकत.

मागच्या वर्षी भगवंतरावांच्या गुडघ्यांनी जवाब दिला आणि धंदा मुलाकडे, गोपालकडे आला. गोपाल शिकलेला, हिशेबी, वागायला चांगला. लहानपणी शफीच्या मांडीवर बसून हॉर्न वाजवलेला. तो मालक झाला त्या दिवसापासून शफीनं आपण होऊन त्याला "अरे गोपाल"वरून "गोपालशेठ"वर आणि "तू"वरून "तुमी"वर नेलं. गोपाल "चाचा, असं नोका ना" म्हणाला, पण फार जोर लावून म्हणाला नाही.

गोपालनं पहिलं काम केलं ते जुना ट्रक विकून नवा घेतला. गाडी झकास होती. स्टिअरिंग एका बोटानं फिरावं इतकं हलकं. फक्त टाकीच्या तोंडात जाळी होती. नळी घालून कुणी डिझेल चोरू नये म्हणून कंपनीनं ती बसवली होती. त्या जाळीतून शफीची काडी आत जाईना. त्यानं दोन दिवस वेगवेगळ्या कोनांतून घालून पाहिली आणि मग नाद सोडला. काट्यांवरचा त्याचा विश्वास जुन्या गाडीतच उडाला होता, म्हणून आता भरवसा ठेवायचा तो समोरच्या पिवळ्या दिव्यावर. डिझेल कमी झालं की तो लागणार.

"हा लाइट लागल्यावर टाकीत किती रायते?" असं त्यानं गाडी देणाऱ्या पोऱ्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "लागला की लगेच भरून घ्यायचं, काका," असं उत्तर मिळालं. हे काही उत्तर नव्हे. गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, पंधराक लिटर. मोतीराम म्हणाला, शंभर किलोमीटर डोळे मिटून जा. मोतीरामच्या तोंडून ते आल्यामुळे शफीनं ते लगेच बाद केलं.

शेवटी त्यानं स्वतःच छडा लावला. दिवा लागला रे लागला की बडनेऱ्याच्या ठरलेल्या पंपावर जायचं आणि टाकी काठोकाठ भरायची. टाकी एकशेसाठ लिटरची. एकदा एकशेपंचेचाळीस बसलं, पुढच्या दोन्ही वेळा एकशेसेहेचाळीस. म्हणजे दिवा लागतो तेव्हा आत चौदा-पंधरा लिटर असतं. आकडा सापडल्यावर शफीला बरं वाटलं. तेव्हापासून दिवा लागेपर्यंत थांबायचं आणि लागला की काठोकाठ भरायचं, हा त्याचा नियमच झाला. काडीच्या खाचांवर त्याचा जितका भरवसा होता, तितकाच आता या दिव्यावर बसला.

इकडे गोपालनंही तोच प्रश्न विचारला होता, पण मोबाइलला. मोबाइलवर याच गाडीचा व्हिडिओ होता आणि त्यात एक चष्मेवाला माणूस ठासून सांगत होता की दिवा लागल्यावर टाकीत तीस लिटर उरतं. एकशेसाठमधून तीस गेले, उरले एकशेतीस. मग बिलावर एकशेसेहेचाळीस कसे?

या लाइनवर ड्रायव्हर डिझेल काढतात, ही काही छुपी गोष्ट नाही. पंपावर टाकी भरता भरता नळी दोन मिनिटं कॅनमध्ये धरायची, बिल एकच करायचं, आणि कॅन पुढच्या एखाद्या ढाब्यावर उतरवायची. मालकांना कळतं, बरेचसे डोळेझाक करतात. गोपालनं घाई केली नाही. महिनाभर तीन बिलं खणात ठेवली. मग एका शनिवारी शफी किल्ली द्यायला आला, तेव्हा ती टेबलावर मांडली.

"चाचा, एक विचारू? राग नोका मानू."

"विचारा ना."

"लाइट लागल्याबरोबर भरता ना तुमी डिझेल?"

"लगेच. दोन-चार किलोमीटर इकडंतिकडं."

"मंग आत तीस लिटर असन. बाकी एकशेसेहेचाळीस टाकीत मावते कसं?"

शफी हसला. त्याला वाटलं, पोरगा खरंच विचारून राहिला. "तीस कुठचे शेठ, चौदा रायतात. म्या पाह्यलं ना भरून." मग त्याची नजर गोपालच्या चेहऱ्यावर गेली, तिथून टेबलावरच्या तीन बिलांवर गेली, आणि आपल्याला काय विचारलं गेलंय ते त्याला कळलं. कानामागून काहीतरी गरम चढत गेलं. एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता.

"मिस्त्रीले बोलवा," तो म्हणाला. "टाकीचा खालचा बोल्ट खोला. मोजून घ्या डब्यानं."

"मिस्त्री तं तुमचाच मानूस हाय, चाचा."

हे त्याला पहिल्यापेक्षा जास्त लागलं. त्यानं किल्ली बिलांवर ठेवली. मग म्हणाला, "ठीक हाय. मंग आता लाइट लागला तरी भरतच नाही. तुमी बसा माया बाजूले. जिथं बंद पडन तिथं पडन."

ठरलं ते असं. दिवा अकोल्यात लागेल अशा बेतानं फेरी धरायची. माल उतरवून रिकामी गाडी बडनेऱ्याकडे काढायची. अंतर पंच्याऐंशी किलोमीटर. टाकीत तीस लिटर असेल तर गाडी बडनेऱ्याच्या पंपावर हसत पोचेल, आणि शफी खोटा. शफीचा हिशेब वेगळा होता. चौदा लिटरातलं दोन-तीन लिटर नळीच्या तोंडाखालीच राहतं, ते इंजिनला कधी मिळत नाही. उरलं अकरा. रिकाम्या गाडीला लिटरमागे सहा किलोमीटर. म्हणजे कुरुमच्या आसपास गाडी बंद पडायला हवी, आणि पडली तर शफी खरा.

घरी त्यानं बायकोला, हलीमाबीला, सांगितलं. ती म्हणाली, "भगवंतराव को बोल दो ना सीधा."

"बूढ़े के घुटनों में दर्द है," शफी म्हणाला, "दिल में काहे को देना?"

"और गाड़ी पहुँच गई तो?"

 शफी जेवण अर्धं ठेवून उठला.

मंगळवारी सकाळी अकोल्याच्या बाजाराच्या फाटकातच दिवा लागला. टोपल्या, पोती उतरेपर्यंत दहा वाजले. गोपालनं किलोमीटरच्या आकड्याचा मोबाइलवर फोटो घेतला. वीस लिटरची भरलेली कॅन सीटमागे ठेवली होती. तिचं झाकण त्यानं स्वतः तारेनं बांधलं होतं. शफीनं ती तार बघितली आणि गाडी सुरू केली.

गाडी लवकर बंद पाडायची म्हटली तर शफीला दहा वाटा ठाऊक होत्या. खालच्या गिअरमध्येच रेटत राहायची. उगाच रेस करायची, उगाच ब्रेक मारायचा, पुन्हा रेस करायची. गोपालला त्यातलं काही कळलं नसतं. बोरगाव मंजूपर्यंत शफीच्या मनात हे एकदा येऊनही गेलं आणि त्याची त्याला लाज वाटली. तसं केलं असतं तर खरं असूनही तो खोटाच ठरला असता. शिवाय त्याच्या पायाला ते जमतच नव्हतं. तीस वर्षं डिझेल वाचवलेला पाय. चढ दिसायच्या आधी वेग धरायचा, उतारावर गाडी सोडून द्यायची, पुढचा ट्रॅक्टर शंभर हात लांब असतानाच ॲक्सिलरेटर ढिला करायचा. हे सगळं पाय न विचारता करत होता. त्यात गाडी रिकामी, रस्ता नवा, आणि मागून वारा.

मूर्तिजापूर गेलं. माना फाटा गेला. कुरुमची पाटी आली तेव्हा शफीनं स्टिअरिंगवरची पकड घट्ट केली आणि कान इंजिनकडे लावले. कुरुम मागं पडलं. इंजिन अगदी सुरात चाललं होतं.

"पासष्ट," गोपाल म्हणाला.

"हो."

"सत्तर झाले, चाचा."

"दिसून राहिले."

 घरून निघताना शफी रोज एकच मागणं मागायचा, गाडी कुठं अडू नये. आज पहिल्यांदा तो उलटं मागत होता. बंद पड. कुठंही पड, पण बडनेऱ्याच्या आधी पड. आपण काय मागतोय याचं त्याला स्वतःलाच वाईट वाटलं, तरी तो मागत राहिला. टाकळीचा फाटा गेला. चौऱ्याहत्तर. पंच्याहत्तर. गोपालनं मोबाइल खिशात घातला आणि खिडकीबाहेर बघायला लागला. जिंकत आलेला माणूस हरणाऱ्याकडे बघायचं टाळतो, तसं. शफीला ते दिसलं. पायाला थांबवावं, दोन गिअर खाली आणावे, असं त्याला पुन्हा वाटलं. त्यानं आणले नाहीत.

सत्त्याहत्तर झाले आणि शफीच्या तळपायाला एक बारीक हिसका लागला. गोपालला काही कळलं नाही. मग दुसरा हिसका, तो दोघांनाही कळला. इंजिननं दोन आचके दिले आणि ते थांबलं. गाडी आपल्याच वेगानं थोडी सरकली. शफीनं ती रस्त्याच्या कडेला, एका बाभळीपाशी नीट उभी केली. बडनेरा अजून आठ किलोमीटर होतं.

त्याला आनंद झाला. इतका की हसू दाबावं लागलं. आणि लगेचच केबिनमधली शांतता त्याच्या कानावर आली. चालता चालता बंद पडलेल्या गाडीतली ही शांतता त्यानं दुसऱ्यांच्या गाड्यांत ऐकली होती, स्वतःच्या कधीच नाही. मग तो आनंद फारसा टिकला नाही.

गोपालनं तीनदा किल्ली फिरवून पाहिली. खाली उतरला, टाकीवर बोटं वाजवून पाहिली. मग मोबाइल काढून तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि या वेळी सुरुवातीपासून ऐकला. चष्मेवाला जी गाडी दाखवत होता ती नावानं तीच होती, पण तिची टाकी तीनशे लिटरची होती.

"थे मोठ्या टाकीचं होतं, चाचा," गोपाल म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

शफीनं कॅनची तार सोडली, डिझेल ओतलं, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि फिल्टरपाशी बसून हातपंप मारायला लागला. स्क्रूतून फेस येत होता, हवा निघत होती. हात कोपरापर्यंत माखले होते. तेवढ्यात मागून एक ओळखीचा हॉर्न आला आणि कांद्याची एक गाडी करकचून थांबली.

"अबे शफी!" मोतीराम केबिनमधून अर्धा बाहेर आला. "काय झालं बे?"

रस्त्यावर रिकामी कॅन आडवी पडली होती. लपवायला काही उरलं नव्हतं. सांगण्यासारख्या गोष्टी मात्र दोन होत्या आणि शफीला त्यातली एक निवडायची होती. त्यानं गोपालकडे पाहिलं. गोपाल मोबाइलमध्ये मान घालून उभा होता.

"डिझेल संपलं," शफी म्हणाला.

"कोनाचं? तुयं?"

"मायं. अंदाज चुकला."

मोतीराम खाली उतरला. असा दिवस आयुष्यात एकदाच येतो आणि तो गाडीत बसून साजरा करता येत नाही. त्यानं शफीचा कॅनसकट फोटो काढला. "एकतीस सालानं घावला लेकाचा!" म्हणून मांडीवर थाप मारली. मग कमरेवर हात ठेवून, पंक्चर कुणाचंही होतं, पण डिझेल कोणाचं संपतं, हे शफीलाच शब्दन् शब्द ऐकवलं. शफीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यातला एकही शब्द त्याला नवीन नव्हता. पाच लिटर देऊ का, असंही मोतीरामनं विचारलं, आणि ते मात्र मनापासून विचारलं. मग हॉर्न वाजवत तो निघून गेला. संध्याकाळपर्यंत तो फोटो अकोल्यापासून राजापेठेपर्यंत सगळ्या ड्रायव्हरांच्या मोबाइलवर असणार, हे शफीला ठाऊक होतं.

गाडी दूर गेल्यावर गोपालनं विचारलं, "चाचा, खरं काहून नाही सांगितलं त्याले?"

शफी चिंधीनं हात पुसत होता. "काय सांगू? डिझेल संपलं म्हनलं तं लोकं महिनाभर हसतीन आन इसरून जातीन. मालकाले शक आला म्हनून गाडी रिकामी करून पाह्यली, असं सांगितलं तं माया पोरीले तिच्या सासरी जाऊन विचारतीन. बादमधी खरा निंघालो का खोटा, हे कोनी ऐकत नाही शेठ. डिझेल अन् शफी, दोनच शब्द ध्यानात ठेवतेत." मग चिंधी सीटखाली टाकत तो म्हणाला, "आन तोंड तं तुमाले बी होतं."

गोपालनं रिकामी कॅन उचलून सीटमागे ठेवली. दोघं गाडीत चढले. तिसऱ्या किल्लीला इंजिन उठलं.

बडनेऱ्याच्या पंपावर शफीनं गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सरळ रस्त्यापलीकडच्या टपरीवर जाऊन बसला, पंपाकडे पाठ करून. गोपालला एकट्यालाच मीटरपाशी उभं राहावं लागलं. त्या दिवशी त्याला वाटलं, चाचा दमले असतील.

पण त्या दिवसापासून शफीनं त्या गाडीत स्वतः डिझेल भरलं नाही. नोकरी सोडली नाही, एक फेरी चुकवली नाही, गोपालशी वाकडा शब्द बोलला नाही. फक्त दिवा लागला की गाडी पंपावर आणायची, फोन करायचा, "शेठ, लाइट लागला, या," आणि टपरीवर जाऊन बसायचं. मग गोपालनं राजापेठेतून मोटरसायकल काढायची, दहा किलोमीटर यायचं, मीटर बघत टाकी भरून घ्यायची, बिल घ्यायचं आणि परत जायचं. आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा. मोतीरामच्या फोटोवर लोक खरंच महिनाभर हसले आणि विसरले. हे मात्र चालूच राहिलं.

एप्रिलच्या एका दुपारी गोपाल आला तेव्हा उन्हानं त्याचं तोंड भाजून निघालं होतं. तो पंपावर न जाता आधी टपरीवर आला, शफीच्या समोरच्या बाकावर बसला.

"चाचा, आता बस करा ना. तुमीच भरत जा. बिल बी नोका देऊ मले. माया पुरा भरवसा हाय तुमच्यावर."

शफीनं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तुमचा असन, शेठ," तो म्हणाला. "माया तुमच्यावरचा उडाला ना."

तो हे रागानं बोलला नाही. पलीकडे पंपावरचा माणूस हातात नळी धरून हाका मारत होता. गोपाल उठला, रस्ता ओलांडून गेला आणि मीटरसमोर उभा राहिला.